शिकाऱ्यांनी लिहिलेले नियम : भायखळ्याच्या एका बैठकीपासून रानडुकराच्या परवान्यापर्यंत

१.
१५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्या वास्तूला आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. भारतातील वन्यजीव-संरक्षणाचा इतिहास सांगताना या बैठकीचा उल्लेख आदराने होतो आणि तो योग्यच आहे. मात्र पुढील अर्धशतकात या संस्थेच्या नियतकालिकातून लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण बंदूकधारी शिकारी होते, हे सांगताना बहुतेकांची जीभ अडखळते. हा धागा त्या शिकाऱ्यांविषयी, त्यांनी घडवलेल्या नियमांविषयी आणि त्या नियमांतून बाहेर राहिलेल्या माणसांविषयी आहे.

२.
शिकाऱ्यांविषयी दोन मते सहज ऐकू येतात. पहिले मत त्यांना ढोंगी ठरवते : आधी जंगल रिकामे केले आणि मग संरक्षणाचे प्रवचन दिले. दुसरे मत त्यांना द्रष्टे ठरवते : प्राण्यांची घट सर्वांत आधी त्यांनीच ओळखली. दोन्ही मतांना पुरावा आहे, पण दोन्हींतून एक प्रश्न सुटतो. नियम ठरत असताना त्या खोलीत कोण बसले होते, आणि जनावरे मोजण्याचे काम कोण करत होते? आज विदर्भात आणि कोकणात रानडुकराच्या प्रश्नावर जे रण माजले आहे, त्याचे मूळ याच प्रश्नात आहे.

३.
प्रथम ती बैठक. आठांपैकी सहा युरोपीय आणि दोन भारतीय. युरोपीयांमध्ये साताऱ्यात जन्मलेले, जकात व मीठ खात्यातील ई. एच. एटकेन होते आणि फुलपाखरांचे अभ्यासक कर्नल चार्ल्स स्विन्हो होते. भारतीयांपैकी एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, म्हणजे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे आद्य प्रवर्तक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. हे दोघेही भायखळ्याच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजच्या परंपरेतले. त्यांचे कुतूहल औषधी वनस्पतींचे आणि निसर्गाचे होते, शिकारीचे नव्हे. संस्थेचा आरंभीचा हेतूही साधा होता : नोंदींची देवाणघेवाण करावी आणि जमवलेले नमुने एकमेकांना दाखवावेत.

४.
म्युझियममधल्या बैठका काही महिनेच चालल्या. जानेवारी १८८४ मध्ये मद्यव्यापारी एच. एम. फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानात संस्थेला जागा दिली आणि भायखळ्याचा मुक्काम संपला. जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचे ‘जर्नल’ सुरू झाले. येथून चित्र बदलते. देशभरचे लष्करी अधिकारी, वनाधिकारी, कलेक्टर, चहा-कॉफीचे मळेवाले जर्नलला लिहू लागले. या मंडळींचा जंगलाशी संबंध बंदुकीतून आलेला होता. त्यामुळे फुलपाखरे आणि ऑर्किड यांच्या शेजारी सांबराच्या शिंगांची मापे, गव्याच्या कळपांचे वर्णन आणि वाघ भक्ष्य वासाने शोधतो की नजरेने, यावरचे वादही छापून येऊ लागले.

५.
या लेखनाला तुच्छ लेखणे चुकीचे ठरेल. शिकाऱ्याला प्राणी ओळखावाच लागतो. माग किती शिळा आहे, कळपात माद्या किती, नर एकटा केव्हा हिंडतो, शिंगे कोणत्या महिन्यात गळतात, पाणवठा आटला की कळप कुठे सरकतो, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती काही लागत नाही. विद्यापीठांत प्राणिवर्तनाचा अभ्यास होत नव्हता, त्या काळात भारतातील मोठ्या सस्तन प्राण्यांविषयीची पुष्कळशी माहिती याच वहीतून आली. संस्थेने १९११ ते १९२३ या काळात केलेले सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षणदेखील गोळी घालून मिळवलेल्या नमुन्यांवर उभे होते.

६.
या शिकाऱ्यांची एक आचारसंहिता होती. मादीवर गोळी झाडू नये. पाणवठ्यावर किंवा खारट मातीच्या चाटणीवर रात्री दबा धरून बसू नये. जखमी जनावर मागे सोडू नये, कितीही धोका असला तरी त्याचा माग काढून त्याला संपवावे. जाळे, फास आणि विष यांचा वापर करू नये. मांसासाठी मारणाऱ्याला ते हिणवत, कारण त्यांच्या लेखी शिकार हा ‘खेळ’ होता आणि खेळाला नियम असतात. यातली काही कलमे आजच्या वाचकालाही पटतील. पण ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच हा खेळ परवडत होता.

७.
आचारसंहितेचे रूपांतर नियमांत झाले ते वन कायद्यामुळे. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार, मासेमारी आणि सापळे यांवर नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यातून परवान्यांची पद्धत वाढली. जंगलाचे ‘ब्लॉक’ पाडले जात. परवानाधारकाला ठरावीक मुदतीसाठी एक ब्लॉक मिळे आणि त्यात कोणत्या जातीचे किती प्राणी मारता येतील, हे कागदावर लिहिलेले असे. मर्यादा गाठली की तो प्राणी त्या ब्लॉकमध्ये बंद. नियम शिकाऱ्यांवर लादलेले नव्हते, त्यांनीच ते मागितले होते. जनावरे संपली तर पुढच्या हिवाळ्यात मारायचे काय, ही त्यांची चिंता होती.

८.
कळप राखण्यामागचा त्यांचा हिशेब असा. सांबर किंवा चितळ यांचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो. म्हणून काही नर गेले तरी पुढल्या वर्षी पिल्लांची संख्या फारशी घटत नाही, माद्या गेल्या तर मात्र कळप आटतो. म्हणून ठरावीक मापाहून मोठ्या शिंगांचा नरच मारावा. वरवर हा हिशेब बिनतोड आहे. त्याची दुसरी बाजू अशी की सर्वांत थोराड नर वर्षानुवर्षे वेचून मारले, तर मागे उरतात ते तुलनेने कमजोर नर. १८९२ पासून लंडनमध्ये रोलंड वॉर्ड यांची शिंगांच्या विक्रमांची नोंदवही निघू लागली आणि इंचांची चढाओढ वाढली. कळपाचे हित आणि दिवाणखान्यातील भिंतीची शोभा यांची येथे गल्लत झाली.

९.
दुसरी गल्लत ऋतूंची झाली. युरोपात हरणांच्या विणीचा काळ ठरलेला असतो, म्हणून तेथे ‘बंदीचा हंगाम’ सहज आखता येतो. भारतात तसे नाही. चितळाची पिल्ले वर्षात कधीही जन्मतात. मध्य भारतातील सांबराची शिंगे उन्हाळ्याच्या सुमारास गळतात, पावसाळ्यात ती मखमली आवरणात वाढतात आणि हिवाळ्यात पक्की होतात. दोन शेजारी प्राण्यांची दोन वेगळी वेळापत्रके. जाणकार शिकाऱ्यांना हे ठाऊक होते. जर्नलच्या पानांवर हे तपशील साठत गेले आणि परदेशी नमुन्याबरहुकूम आखलेले नियम येथे अपुरे पडतात, हे दिसू लागले. स्थानिक ज्ञानाशिवाय केलेला नियम आंधळा असतो, हा धडा त्यातूनच मिळतो.

१०.
तिसरी चूक सर्वांत महाग पडली. हरणांचे कळप वाढवायचे तर हरणे खाणाऱ्यांना मारले पाहिजे, असे बहुसंख्य शिकाऱ्यांचे ठाम मत होते. कोळसून, म्हणजे रानकुत्रा, त्यांच्या डोळ्यांत सर्वाधिक सलत असे. टोळीने धावून जिवंतपणीच भक्ष्याचे लचके तोडणारा हा प्राणी त्यांना नीच वाटे आणि त्याच्या कातड्यामागे सरकार बक्षीस देई. कोळसून आणि सांबर हजारो वर्षे एकाच जंगलात नांदत आले होते, आणि सांबर संपले नव्हते. ही साधी गोष्ट त्या हिशेबात कोठेच बसत नव्हती, कारण तो हिशेब बंदुकीच्या वाट्याचा होता.

११.
बक्षिसे केवळ कोळसुनापुरती नव्हती. वाघ, बिबटे आणि लांडगे यांना मारल्याबद्दल सरकारी तिजोरीतून पैसे मिळत. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून दाखवले आहे की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि २,००,००० लांडगे मारले गेले. म्हणजे एका हाताने सांबराला संरक्षण देणारे सरकार दुसऱ्या हाताने वाघाच्या मरणाची किंमत मोजत होते. त्या काळाच्या तर्कात यात विसंगती नव्हती. सांबर ‘गेम’ होते आणि वाघ, निदान सरकारी वहीत, उपद्रव होता.

१२.
हाच तर्क १९१२ च्या ‘वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्या’त उतरला. हा कायदा भायखळ्यात झाला नाही, तो केंद्रीय कायदेमंडळात झाला. पण त्यामागची दृष्टी जर्नलच्या वाचकांना परिचित होती. त्याच्या परिशिष्टातील प्राण्यांची यादी पाहावी : हरणे, काळवीट-चिंकारा यांच्या जाती, गवा, रानम्हैस, रानगाढव, गेंडा, रानमेंढ्या, रानबकऱ्या, ससे. पक्ष्यांमध्ये माळढोक, बदके, तितर, लावे, मोर, रानकोंबडे आणि पिसांसाठी मारले जाणारे बगळे, नीलपंख व खंड्या. यादीत वाघ नाही, बिबट्या नाही, चित्ता नाही, अस्वल नाही. ज्यांच्या मागे शिकारी हौसेने जातो अशा तृणभक्ष्यांची आणि पिसांच्या व्यापारात सापडलेल्या पक्ष्यांची ही यादी होती.

१३.
या कायद्यातील शिक्षा किरकोळ होती : पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० रुपये दंड. त्याच कायद्यातील आठवे कलम मात्र आज पुन्हा वाचण्याजोगे आहे. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी, तसेच मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी प्राणी मारला गेल्यास हा कायदा लागू नव्हता. म्हणजे उभ्या पिकात शिरलेल्या सांबराला शेतकऱ्याने मारले, तर निदान कागदावर तो गुन्हेगार ठरत नव्हता. कागदावर, असे म्हणण्याचे कारण १८७८ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा होता आणि परवाना कोणाला द्यायचा हे साहेब ठरवत. हक्क शेतकऱ्याचा, बंदूक दुसऱ्याची, असा तो न्याय होता.

१४.
येथे पुन्हा १८८३ कडे वळावे लागते. भायखळ्यात आठ गृहस्थ जमले त्याच्या दोन महिने आधी, जुलै १८८३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. गायराने आणि डोंगर जंगलखात्याने गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्याला आपली गुरेशेरडे चारायलाही जागा उरली नाही, अशी जळजळीत तक्रार त्यात आहे. एकाच प्रांतात, एकाच वर्षी, एकाच जंगलाविषयी दोन कागद लिहिले जात होते. एका कागदावर जंगलातील जीवांविषयीचे कुतूहल होते, दुसऱ्यावर त्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांची उपासमार. हे दोन कागद एका टेबलावर कधी आले नाहीत.

१५.
ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये सरकारला ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावे लागले. लाकूडफाटा, राब, चराई यांवरील निर्बंधांविषयीच्या गाऱ्हाण्यांची त्याने चौकशी केली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत शस्त्र कायदा शिथिल करण्याची मागणी झाली. रानातल्या जनावरांनी पीक खाल्ले, गुरे नेली, माणसे मारली आणि रयतेच्या हाती साधी बंदूकही नाही, हा त्या काळच्या राजकारणातला जिवंत विषय होता. शिकाऱ्यांच्या लेखनात मात्र खेडूत बहुधा तीनच रूपांत भेटतो : हाकारा, वाटाड्या किंवा चोरटा शिकारी.

१६.
पारध्यांची कथा याहून कडवट आहे. फासेपारधी पिढ्यानपिढ्या घोड्याच्या केसांचे फास लावून तितर, लावे आणि हरणे पकडत आले. काळविटाच्या सवयी त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नव्हत्या. अनेक नामांकित शिकारी त्यांच्याच बोटाला धरून माग काढायला शिकले. पण फास आणि जाळे ही साधने ‘खेळा’च्या नियमांत निषिद्ध ठरली. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी हा जन्मजात गुन्हेगार ठरवला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कलंक कायद्याने पुसला गेला, पण त्यांच्या ज्ञानाला कोणत्याही वनखात्याच्या नियमावलीत जागा मिळाली नाही.

१७.
शिकाऱ्यांच्या बाजूची एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. १९३० च्या दशकापर्यंत त्यांच्यातले विचारी लोक खूप पुढे गेले होते. संस्थेचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांनी जर्नलमधून वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा विषय विस्ताराने मांडला. त्यांच्या मांडणीत एक शहाणपणाचा भेद आहे : राखीव जंगल हे प्राण्याचे हक्काचे आश्रयस्थान असावे, शेतीखालील जमिनीत मात्र पिकाचे रक्षण आधी. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक या दोन्हींहून हा विचार वेगळा होता. तो पुरेसा ऐकला गेला असता, तर पुढची बरीच भांडणे टळली असती.

१८.
आचारसंहिता एकटी किती दुबळी असते, हे १९४७ साली दिसले. कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ती अखेरची खात्रीशीर नोंद मानली जाते. त्याचे छायाचित्र जर्नलकडे मोठ्या अभिमानाने पाठवण्यात आले. संपादकांनी ते छापले, पण सोबत आपला तीव्र निषेध नोंदवला. रात्री, दिव्याच्या झोतात, मोटारीतून, दुर्मीळ प्राण्यावर : खेळाचा प्रत्येक नियम मोडलेला. निषेध खरा होता, परंतु चित्ता कोणत्याच यादीत नव्हता. ज्या यादीत फक्त आवडीचे प्राणी असतात, तिच्याबाहेर राहिलेला प्राणी असाच जातो.

१९.
स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. पक्षितज्ज्ञ आणि संस्थेचे तत्कालीन मानद चिटणीस हुमायून अब्दुलअली यांचा तो घडवण्यात मोठा वाटा होता. म्हणजे १८८३ मधील भायखळ्याच्या बैठकीची परंपरा आता थेट कायद्याच्या मसुद्यापर्यंत पोहोचली होती. युद्धोत्तर काळात जीप, तेजस्वी दिवे आणि पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका यांमुळे प्राण्यांची बेसुमार कत्तल होत आहे, अशी जुन्या शिकाऱ्यांची ओरड होती. ती खरीही होती. परंतु पीकसंरक्षणाची बंदूक शेतकऱ्याने का मागितली, याचा विचार त्या ओरडीत क्वचितच झाला.

२०.
बहुतेक तरुण वाचकांना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा मुळात शिकारबंदीचा कायदा नव्हता. त्यात विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि उपद्रवी प्राणी अशा अनुसूच्या होत्या आणि त्यांनुसार शिकारीचे परवाने होते. ही भाषा साहेबी काळातील नियमावलीची होती. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्येच बंदी आली होती. परवान्यांची ही तरतूद मात्र कायद्याच्या पुस्तकातून १९९१ च्या दुरुस्तीने काढली गेली. हौशी शिकारीचे युग अधिकृतपणे तेव्हा संपले.

२१.
तो निर्णय आवश्यक होता. १९७२ च्या गणनेत देशात केवळ १,८२७ वाघ आढळले होते. माळढोक, गवे, बारशिंगे यांची अवस्थाही बिकट होती. पण या प्रवासात १९१२ च्या आठव्या कलमातला एक शब्द गळून पडला : मालमत्ता. आजच्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार जिवाच्या रक्षणासाठी प्राणी मारला तर तो गुन्हा नाही. पिकाच्या रक्षणासाठी मात्र आधी परवानगी हवी. साहेबाने शेतकऱ्याला हक्क दिला आणि बंदूक नाकारली. प्रजासत्ताकाने तो हक्कच अर्जात बदलला.

२२.
या बदलाची किंमत आज गावोगाव मोजली जाते. विदर्भात रोही आणि रानडुकरे सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या शेतांत रात्री उतरतात. कोकणात वानर आणि माकडे बागा उद्ध्वस्त करतात. हंगामभर माचाणावर जागरण, डबे वाजवणे, फटाके, आणि शेवटी कुंपणात चोरून सोडलेली वीज. त्या विजेने डुक्कर मरते, कधी बिबट्या वा वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. कायदेशीर वाट लांब आणि अवघड असली की माणसे बेकायदा वाट धरतात. यात प्राणीही वाचत नाही आणि शेतकरीही.

२३.
महाराष्ट्रात पिकांची नासधूस करणाऱ्या रोही व रानडुकरांना मारण्यासाठी वन अधिकाऱ्याची परवानगी मिळवण्याची सोय आहे. जून २०१६ मध्ये यावरून केंद्रीय मंत्रिमंडळातच जाहीर वाद झाला. चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली गेल्याचा उल्लेख करून मनेका गांधी यांनी पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या खात्यावर टीका केली. राज्यांनी मागितले म्हणून आणि शेतकऱ्यांसाठी परवानगी दिली, असे जावडेकरांचे उत्तर होते. त्या वादात करुणेची भाषा होती, प्रशासनाची भाषा होती. ५३ हा आकडा मोठा की लहान, हे ठरवण्यासाठी लागणारा दुसरा आकडा, म्हणजे त्या भागात रानडुकरे एकूण किती, हा मात्र चर्चेत नव्हता. वाघ दर चार वर्षांनी मोजले जातात. डुकरे तशी कोणी मोजत नाही.

२४.
या ठिकाणी दूरच्या एका देशाचे उदाहरण उपयोगी पडते. मूस हा हरीणकुळातील सर्वांत मोठा प्राणी, सांबराहून कितीतरी थोराड, उत्तर गोलार्धातील थंड अरण्यांचा रहिवासी. स्वीडनमध्ये एके काळी त्याची शिकार राजा आणि सरदार यांचीच मक्तेदारी होती. १७८९ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याने ती सामान्य जमीनधारकांना खुली केली, आणि काही दशकांत मूस जवळजवळ नामशेष झाला. नुसता हक्क दिला आणि मोजदाद ठेवली नाही, तर काय होते याचा तो पुरावा होता. पुढे बंदीचे हंगाम आणि मर्यादा आल्या, आणि मूस पुन्हा वाढला.

२५.
आज त्या देशात दर शरद ऋतूत हजारो मूस मारले जातात आणि तरीही तो प्राणी टिकून आहे. तेथील बहुतेक भागांत मूस-व्यवस्थापन गटावर सहा जण असतात : तीन जमीनमालकांचे आणि तीन शिकाऱ्यांचे प्रतिनिधी. शिकाऱ्यांना मूस जास्त हवे असतात. कोवळी पाइनची झाडे मूस खातो म्हणून जंगलमालकांना ते कमी हवे असतात. हे भांडण एका टेबलावर होते आणि त्यातून मारायच्या जनावरांचा आकडा ठरतो. हंगामाच्या आरंभी किती मूस दिसले, त्यांत माद्या किती, पिल्ले किती, याची नोंद शिकारी स्वतः देतात. वाद तेथेही संपत नाहीत, पण ते आकड्यांवर होतात.

२६.
स्वीडनची नक्कल महाराष्ट्रात करता येणार नाही. येथे लोकवस्ती दाट आहे, शेते लहान आहेत, आणि रानडुक्कर हे वाघ-बिबट्यांचे भक्ष्यही आहे. ते संपले तर बिबट्या गोठ्याकडे वळेल. परवान्याआडून चोरटी शिकार होईल, ही भीतीही निराधार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघीण मारली गेली तेव्हा खाजगी नेमबाजाला बोलावण्यावरून जे वादळ उठले, त्याचे मूळ या अविश्वासात होते. प्राणीमात्रावर दया करावी ही वारकरी आणि जैन परंपरेने रुजवलेली भावनाही या भूमीत खोल आहे. हे सारे आक्षेप गंभीर आहेत. पण ते आजच्या अनागोंदीचे समर्थन ठरत नाहीत.

२७.
ज्येष्ठ परिसरतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी वन्यजीव कायद्याच्या केंद्रीकरणावर जाहीरपणे कठोर टीका केली आहे आणि स्थानिक लोकांच्या हाती निर्णय देण्याचा आग्रह धरला आहे. त्यांचे प्रत्येक विधान मान्य करण्याची गरज नाही. पण त्यांच्या टीकेत १८८३ पासून अनुत्तरित राहिलेला प्रश्न आहे. आधी शिकारी नियम ठरवत होते, मग वनखाते ठरवू लागले, आता शहरातील प्राणिप्रेमी आणि न्यायालये त्यात सहभागी झाली. खुर्च्यांवरची माणसे बदलली. ज्याच्या शेतात जनावर उतरते त्याला मात्र अर्जदार म्हणूनच दाराबाहेर उभे ठेवले गेले.

२८.
मग व्हावे काय? पहिली गोष्ट मोजदाद. रोही, रानडुक्कर, वानर यांची तालुकावार, नियमित आणि खुली गणना झाल्याशिवाय ‘उपद्रव वाढला’ आणि ‘प्राणी संपत आले’ ही दोन्ही विधाने निव्वळ आरोळ्या राहतात. दुसरी गोष्ट बैठक. वनखाते, शेतकरी, प्राणिशास्त्रज्ञ आणि पारधी-कातकरी-ठाकर यांच्यातले जाणकार एकत्र बसून मर्यादा ठरवतील अशी तालुका पातळीवरची रचना हवी. तिसरी गोष्ट प्रेटर यांनी सांगितलेला भेद : अभयारण्यात प्राण्याला पूर्ण अभय, शेतात पिकाला. यांतली एकही गोष्ट हौशी शिकारीला परत आणत नाही. तिची गरजही नाही.

२९.
या मागणीला इतिहासाचा आधार आहे. शिकाऱ्यांनी दोन गोष्टी बरोबर केल्या : प्राणी बारकाईने पाहिले, आणि स्वतःच्या हव्यासाला आकड्याची मर्यादा घातली. त्यांनी दोन गोष्टी चुकीच्या केल्या : आपल्याला हवे ते प्राणी तेवढेच जपले, आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला मोजणीतही धरले नाही आणि मसलतीतही घेतले नाही. आजच्या संरक्षणवाद्यांनी पहिल्या दोन गोष्टी निम्म्याच उचलल्या. हव्यास संपवला, पण पाहणे आणि मोजणे फक्त वाघापुरते ठेवले. शेवटची चूक मात्र जशीच्या तशी वारशात आली.

३०.
राणीच्या बागेत आज पेंग्विन पाहायला रांगा लागतात. त्या रांगेतून थोडे बाजूला झाले की भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. भायखळा स्थानकापासून हे अंतर पायी काही मिनिटांचे. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी तेथे जरूर जावे आणि १८८३ च्या त्या आठ जणांना त्यांचे श्रेय द्यावे. श्रेय देताना एवढेही लक्षात ठेवावे की त्याच वर्षी पुण्यात लिहिला गेलेला दुसरा कागद अजून त्या टेबलावर पोहोचायचा आहे.